जिन्यावरच्या पावलांची परवानगी

वजनकाटे हे त्यांचं आडनाव नव्हे. सगळी नोकरी त्यांनी वजनमापे खात्यात काढली, दुकानादुकानांतून फिरून तराजू खरे की खोटे ते तपासलं, आणि निवृत्त झाल्यावरही ती नजर काही गेली नाही. पेट्रोलपंपावर ते मीटरकडे असे बघत, की पंपवाला घाबरून शून्य पुन्हा दाखवी. तेव्हा इमारतीतल्या लोकांनी त्यांना हे नाव ठेवलं. पाठीमागे ठेवलं, अर्थात. पण ते इतकं चिकटलं की एकदा कुरिअरवाला खाली उभा राहून याच नावाने हाका मारू लागला आणि वजनकाटे "आलो, आलो" म्हणत जिना उतरले. बायकोने विचारलं, "अहो, या नावाला तुम्ही ओ कशी दिलीत?" तर म्हणाले, "पार्सल माझं होतं. नाही कसं म्हणू?"

असा हा माणूस चोरीच्या पिक्चरच्या भानगडीत कसा सापडला, त्याची ही हकिकत.

सुरुवात लिफ्टमध्ये झाली. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर खाली निघाले होते. हे डॉक्टर स्वभावाने उदार. इंटरनेटवरून उतरवलेला पिक्चर एकट्याने बघणं त्यांच्या जिवावर येई. वजनकाटे आत शिरताच ते म्हणाले, "साहेब, नवा पिक्चर उतरवलाय. अजून थिएटरात नीट लागलाही नाही. पाठवू का?"

"पैसे भरून उतरवलात?"

"छे! पैसे भरून काय, कुणीही बघेल."

वजनकाट्यांचा चेहरा तराजूत खोटं वजन सापडल्यावर व्हायचा तसा झाला. "म्हणजे चोरी."

"चोरी कसली? मी कुणाच्या खिशात हात घातला? पिक्चर त्यांच्याकडे होता, तो अजून त्यांच्याकडेच आहे. कमी काय झालं?"

"उद्या मी तुमच्या दवाखान्यात येतो. दाढ काढून घेतो आणि उठून चालायला लागतो. तुमची पक्कड तुमच्याकडेच राहील. कमी काय झालं?"

डॉक्टरांनी आवाज चढवला. थिएटरातली तिकिटं किती महाग, एका ठिकाणी पैसे भरावेत तर हवा तो पिक्चर नेमका दुसऱ्या ठिकाणी, आणि विकत घेतलेली गाणीसुद्धा मोबाईल बदलला की गायब, असं सगळं त्यांनी एका दमात ऐकवलं. त्यात खोटं काही नव्हतं. पण लिफ्ट खाली पोचून दार उघडं होतं आणि दारात गाण्याच्या बाई उभ्या होत्या. या बाई घरी गाणं शिकवत आणि त्यांनी स्वतःच्या गाण्यांचा एक संच काढला होता.

"डॉक्टर, मी सांगते तुम्हाला काय कमी होतं ते," बाई म्हणाल्या. "लोक भेटतात, म्हणतात तुमचं गाणं रोज ऐकतो. मी विचारते, कुठून घेतलंत? की लगेच त्यांना कुठेतरी जायचं असतं."

"मला खरंच जायचंय," असं म्हणून डॉक्टर गेले.

इथे थांबायला हरकत नव्हती. पण वजनकाट्यांना अर्ध्यावर सोडायची सवय नाही. त्याच आठवड्यात पाण्याच्या टाकीच्या गळतीसाठी इमारतीची सभा होती. टाकीला बाजूला सारून त्यांनी हा विषय काढला आणि सगळ्यांना कंटाळा येईपर्यंत लावून धरला. शेवटी उभं राहून, टेबलावर हात आपटून ते म्हणाले, "माझ्या घरात चोरीचा पिक्चर तर सोडाच, चोरीचा आवाजसुद्धा शिरणार नाही!" गाण्याच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. एकट्यांनीच वाजवल्या, पण जोरात वाजवल्या. टाकी गळतच राहिली.

आता मामा. मामा म्हणजे वजनकाट्यांचे सख्खे मामा. आई लवकर गेली तेव्हा भाच्याला त्यांनीच लहानाचं मोठं केलं, आणि आता ते भाच्याकडे राहत. मामा सिनेमात होते असं म्हटलं की ऐकणारा सरसावून बसतो. पण मामा पडद्यावर कधी दिसले नाहीत. ते आवाज काढत. पडद्यावर माणूस चालतो, दार उघडतो, पेला खाली ठेवतो, ते आवाज चित्रीकरणात धड येत नाहीत. ते नंतर बंद खोलीत, पडद्याकडे बघत, कुणीतरी वेगळे करायचे असतात. ते कुणीतरी म्हणजे मामा. काकडी मोडून ते गुंडाची हाडं मोडत, आणि छत्री भराभर उघडमीट करून पाखरं उडवत. मुख्य म्हणजे ते चालत. नायक, खलनायक, पोलीस, सगळ्यांच्या वतीने चालत. मामा अंगाने आडवे, भरघोस मिशांचे. पण नायिका लाजत अंगणातून पळाली की समजावं, मामा पळाले. त्यासाठी एक उंच टाचांची जोडी त्यांनी मापाने करून घेतली होती. ती घेताना चांभार त्यांच्याकडे कसा बघत होता ते मामा रंगवून सांगत.

त्या मामांचे कान जात चालले होते. एक कान आधीच गेला होता आणि दुसऱ्याबद्दल कानांच्या डॉक्टरांनी हात वर केले. यंत्र लावा, पण थोड्याच महिन्यांत यंत्राचाही उपयोग उरणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मामांनी ते शांतपणे ऐकलं. म्हणजे डॉक्टरांनी मोठ्याने सांगितलं तेवढं ऐकलं. घरी येऊन चहाचा कप खाली ठेवत ते भाच्याला म्हणाले, "मला ती जिन्यावरची चाल एकदा ऐकव."

कुठली चाल, ते घरात सगळ्यांना पाठ होतं. एका जुन्या पिक्चरमध्ये घर पाहुण्यांनी भरलेलं असतं आणि नायिकेला वरच्या खोलीत कळतं, की तिचा नवरा आता परत येणार नाही. खाली कुणालाच हे ठाऊक नसतं. ती तोंड धुते आणि हसत जिना उतरते. पडद्यावर फक्त तिचा चेहरा दिसतो, हसरा. मामांनी तिची पावलं टाकली आणि मधल्या एका पायरीवर पाऊल किंचित अडखळवलं. कुणी सांगितलं नव्हतं. त्यावरून दिग्दर्शकाशी जोरदार भांडण झालं. "तिचं तोंड खोटं बोलू शकतं, पाय कसे बोलतील?" असं म्हणून मामा अडून बसले, आणि शेवटी ते अडखळणं पिक्चरमध्ये राहिलं.

"पण लोकांच्या ते कानावर पडलं का, मला कधी कळलंच नाही," मामा म्हणाले. "पिक्चर लागला तेव्हा मी दुसऱ्या एका पिक्चरसाठी खडीवरून चालत होतो. मग तो थिएटरातून उतरला. नंतर आपणच जाऊन आपली पावलं ऐकायची म्हणजे कसंतरीच वाटायचं. आता कान जायला लागले तर ऐकावंसं वाटतंय."

ही बातमी वजनकाट्यांच्या बायकोने गाण्याच्या बाईंना सांगितली, म्हणजे ती सगळ्या इमारतीला कळली. तासाभरात दातांचे डॉक्टर दारात हजर. "माझ्याकडे आहे तो पिक्चर! पूर्वी कुणीतरी थिएटरात कॅमेरा घेऊन बसला होता, त्याने घेतलेला. चित्र यथातथाच आहे. पण आवाज आहे. आणू?"

डॉक्टरांच्या मनात टोमणा नव्हता. पण सभेला अजून महिनाही झाला नव्हता. वजनकाट्यांना वाटलं, हा माणूस आपल्या प्रतिज्ञेवर पक्कड घेऊनच आलाय.

"नको," ते म्हणाले.

"अहो, मामांसाठी तरी," बायको म्हणाली.

"मामांसाठी म्हणूनच नको. मामांचं काम मामांना चोरून ऐकवू? रीतसर परवानगी काढून ऐकवीन."

"आणि तोवर त्यांचे कान थांबतील का?"

वजनकाटे टेबलाशी जाऊन बसले. त्यांनी पेन उघडलं.

बाजारात तो पिक्चर कुठेच विकत मिळत नव्हता. ज्या कंपनीने काढला ती केव्हाच बुडाली होती आणि तिचे सगळे पिक्चर एका मोठ्या कंपनीने घाऊक घेतले होते. त्या कंपनीचा 'हक्क विभाग' काचेच्या उंच इमारतीत होता. तिथल्या मुख्य बाई सभ्य होत्या, मान डोलावून सगळं ऐकून घेत. घरगुती पाहण्यासाठी प्रत हवी असेल तर साधा अर्ज करा, आठवड्याभरात मिळेल, असं त्या म्हणाल्या. साधा अर्ज म्हणजे एक पान. त्यात शेवटी एक रकाना होता: 'अर्जदाराच्या कुटुंबाखेरीज इतर कोणास चित्रपट दिसण्याची वा ऐकू येण्याची शक्यता आहे काय?'

या रकान्यात आजवर कुणीही 'नाही' याखेरीज काही लिहिलं नव्हतं. वजनकाट्यांनी विचार केला. मामांना ऐकू यावं म्हणून आवाज भरपूर मोठा ठेवावा लागणार, भिंती पातळ. त्यांनी गाण्याच्या बाईंना भिंतीपलीकडे उभं केलं, स्वतः अलीकडे टीव्हीचा आवाज वाढवत नेला आणि विचारलं, "ऐकू येतंय?" पलीकडून बाई ओरडल्या, "स्पष्ट!" मग वरच्या मजल्यावर. डॉक्टर वाकून खाली बघत म्हणाले, "मला तर भाषणसुद्धा लिहून घेता येईल." वजनकाट्यांनी त्या रकान्यात आपल्या खात्याच्या भाषेत लिहिलं: 'होय. प्रत्यक्ष चाचणीअंती असे आढळून आले की, लगतच्या व वरील सदनिकांत आवाज स्पष्टपणे पोचतो.' खाली सही केली.

बायकोने ते वाचून कपाळाला हात लावला. "'नाही' असं लिहिलं असतं तर काय आभाळ कोसळलं असतं?"

"मग तो अर्ज खोटा झाला असता."

आठवड्याभरात उत्तर आलं, ते असं: आपण कळवल्याप्रमाणे हे घरगुती पाहणे नसून सार्वजनिक प्रदर्शन ठरते. सबब प्रदर्शनाच्या जागेचा परवाना, अग्निशमन दलाचे ना-हरकत प्रमाणपत्र, आणि बाहेर पडण्याच्या मार्गांचा आराखडा जोडावा.

दुसरा कुणी असता तर जाऊन म्हणाला असता, बाई, चुकून लिहिलं, फाडा तो अर्ज. हक्क विभागाच्या बाईंनी स्वतः तसं सुचवलं, टेबलावरून पुढे झुकून, हळू आवाजात. पण वजनकाट्यांनी आपल्या नोकरीत अशी झुकून, हळू आवाजात केलेली सूचना कितीदा तरी ऐकली होती, आणि ती करणाऱ्या दुकानाचं काय झालं हेही त्यांना आठवत होतं. ते ताठ उठले आणि अग्निशमन दलाकडे गेले.

तिथला अधिकारी घर बघायला आला. त्याने आपल्या हयातीत मोठी सभागृहं तपासली होती. एवढ्याशा बैठकीच्या खोलीत त्याला काय तपासावं कळेना, म्हणून तो जास्तच बारकाईने तपासू लागला.

"दुसरा दरवाजा?"

"एकच आहे," वजनकाटे म्हणाले.

"प्रेक्षागृहाला दोन लागतात. आतल्या झोपायच्या खोलीला गॅलरी आहे ना? तिथून शिडी सोडा."

"शिडी कुठे उतरेल?"

"खालच्या मजल्यावर. त्यांच्या गॅलरीत."

खालच्या मजल्यावरच्या माणसाची परवानगी लागली. तो म्हणाला, "आग लागल्यावर या की, मी नाही कधी म्हटलं?" पण हे लेखी द्यायला तो तयार होईना. शेवटी त्याने लेखी दिलं ते या अटीवर, की आग लागली नाही तर कुणीही शिडीने उतरायचं नाही.

मग दाराशी वाळूच्या बादल्या आल्या. लाल रंगाच्या. त्यातल्या एकीला अडखळून वजनकाट्यांची बायको पडता पडता वाचली आणि त्या दिवसापासून तिने नवऱ्याशी बोलणंच टाकलं. काही हवं असेल तर ती मामांना सांगे, आणि मामांना ऐकू येत नसल्यामुळे ते सगळ्या इमारतीला कळे. खुर्च्या जमिनीला खिळवलेल्या हव्यात असा नियम निघाला. सुताराने फरशीला भोकं पाडायची तयारी दाखवली. तेव्हा बायकोने मौन सोडलं आणि ते असं सोडलं, की सुतार करवत विसरून गेला. अखेर खुर्च्या एकमेकींना दोरीने बांधल्या तरी चालतील असं ठरलं. झोपायच्या खोलीच्या दारावर 'बाहेर जाण्याचा मार्ग' अशी उजेड पडणारी पाटी लागली. तिथून बाहेर जाता येत नव्हतं, पण गॅलरी त्या खोलीला होती. बायको त्या पाटीखालून जाताना दर वेळी वर बघून सुस्कारा टाके.

इमारतीतल्यांना करमणूक झाली. येताजाता लोक डोकावत. कुणी सांगे, स्वच्छतागृहं पुरुषांची आणि बायकांची वेगळी लागतात, लक्षात आहे ना? कुणी विचारी, मध्यंतर किती वेळाचं? दातांचे डॉक्टर मात्र रोज एकच गोष्ट विचारत, "मामांचे कान कसे आहेत?" आणि मामांच्या कानांना रोज थोडं कमी ऐकू येत होतं. आधी त्यांना दाराची घंटा ऐकू येईनाशी झाली, मग कुकरची शिट्टी. वजनकाटे दोन कार्यालयांमधून घामाघूम होऊन येत, मामांच्या बाजूला बसत आणि म्हणत, "झालंच मामा, आता एकच शिक्का राहिला." मामा म्हणत, "काय?" मग वजनकाटे पुन्हा सांगत, मोठ्याने. त्या वेळी त्यांना मामांकडे बघवत नसे. बरोबर वागत असताना असं का व्हावं, हे त्यांना समजत नव्हतं.

शेवटी सगळे कागद जमले. कंपनीने एका संध्याकाळपुरती, एका खेळापुरती परवानगी दिली आणि मोहोरबंद पाकिटात चकती पाठवली. पैशांची पावती वजनकाट्यांनी नीट जपून ठेवली. प्रेक्षक म्हणून ज्यांच्या घरी आवाज पोचणार होता त्या सगळ्यांना बोलवावंच लागलं, नाहीतर ते विनापरवाना ऐकणारे ठरले असते. गाण्याच्या बाई आल्या. दातांचे डॉक्टर आले आणि आयुष्यात पहिल्यांदा कायदेशीर पिक्चर बघायच्या कल्पनेने अवघडून, बांधलेल्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसले. खालचा माणूस आपली शिडी नीट आहे ना बघायला आला आणि तोही बसला. मामा सगळ्यात पुढे, धुतलेला सदरा घालून, यंत्राचा कान टीव्हीकडे करून.

वजनकाट्यांनी पाकीट फोडलं. कुणालाही वाटला असता, तसा त्यांना अभिमान वाटला.

चित्र काय सुंदर होतं! रंग कालच लावल्यासारखे. डॉक्टर हळूच म्हणाले, "माझ्यावाल्यात हे घर आहे हेच दिसत नाही." पाहुणे जमले, वरच्या खोलीत बातमी कळली, नायिकेने तोंड धुतलं. मामा पुढे झुकले. सगळी खोली पुढे झुकली, कारण खुर्च्या बांधलेल्या होत्या. नायिका जिन्याच्या टोकाशी आली, हसली, उतरू लागली. टक, टक, टक, टक. घड्याळासारखी स्वच्छ, एकसारखी पावलं. खाली पोचली. पाहुणे हसले.

मामा म्हणाले, "हे कोण चालतंय?"

बायकोने त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "मामा, ती नायिका!"

"ते दिसतंय मला. चालतंय कोण?"

वजनकाट्यांनी तेवढा भाग पुन्हा लावला. टक, टक, टक, टक. मामांनी डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. "कुणीतरी चांगला मुलगा आहे," ते म्हणाले. "पण तिला काही झालेलं नाही." मग काठी घेऊन उठले आणि 'बाहेर जाण्याचा मार्ग' या पाटीखालून आपल्या अंथरुणाकडे गेले.

वजनकाट्यांनी तिथल्या तिथे हक्क विभागाच्या बाईंना फोन लावला. बाई म्हणाल्या, "हो, पिक्चर नवा केला तेव्हा आवाज सगळा नव्याने घातला. जुना फार खरखरीत होता."

"मग जुना द्या. पुन्हा अर्ज करतो."

"जुना नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"टाकून दिला. जागा अडत होती." आणि मग, सभ्य असल्यामुळे, त्यांनी विचारलं, "एरवी प्रत व्यवस्थित आहे ना?"

प्रेक्षक दोऱ्या सोडून, खुर्च्या उचलून गेले. वजनकाटे बसून राहिले. अडलेल्या अर्जाचा राग येतो, तसा राग यायला समोर कुणी नव्हतं. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं होतं, त्यांनी स्वतः तर सगळ्यात चोख. आणि मामांचं एवढं एक पाऊल त्यात कुठेच उरलं नव्हतं. त्यांना रडू आलं. बायकोने ते पाहिलं, आणि बादल्यांचं सगळं विसरून ती त्यांच्या शेजारी येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, आंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून वजनकाटे वरच्या मजल्यावर गेले. लिफ्ट होती, पण ते जिन्याने गेले. दार डॉक्टरांनीच उघडलं. वजनकाट्यांनी वाटेत वाक्य तयार केलं होतं: 'सद्य परिस्थिती विचारात घेता'. पण तोंडातून निघालं ते असं, "डॉक्टर, तो तुमचा पिक्चर द्या."

डॉक्टर हसले असते तर वजनकाटे परत फिरले असते. डॉक्टर हसले नाहीत. ते आत गेले, लॅपटॉप आणि दोन मोठे स्पीकर घेऊन आले आणि म्हणाले, "तुम्ही वायर धरा."

गाण्याच्या बाई जिन्यात भेटल्या. त्यांनी स्पीकर बघितले, वजनकाट्यांच्या खाली गेलेल्या मानेकडे बघितलं. "माझी गाणी उचलणाऱ्यांना मी माफ केलेलं नाही," त्या म्हणाल्या. "हे आधीच सांगून ठेवते. चला, दार मी उघडते."

चित्र खरंच वाईट होतं. पडद्याचा एक कोपरा कुणाच्या तरी डोक्याने खाल्ला होता आणि नायिकेचा चेहरा म्हणजे पांढरा धूर. आवाजात तर अख्खं थिएटर बसलेलं. कुणी खोकत होतं, कुठे कागदाची पुडी वाजत होती, एक मूल सारखं पाणी मागत होतं. डॉक्टरांनी एक स्पीकर थेट मामांच्या कानाला लावला. धूर जिन्याच्या टोकाशी आला.

आणि पावलं आली. जड, खरी, लाकडावर उमटणारी. एक, मग दुसरं. मधल्या पायरीवर एक पाऊल जरासं घसरलं, थांबलं, सावरलं.

थिएटरातली पुडी वाजायची थांबली. खोकणारा थांबला. त्या अंधारातून एका बाईचा आवाज आला, अगदी स्पष्ट: "अगं बाई, हिला कळलंय!" आणि मागून, बाजूने, सगळीकडून शेकडो माणसांनी एकदम सोडलेला श्वास आला.

मामांनी स्पीकर दोन्ही हातांनी धरला होता. "ऐकलंत?" ते म्हणाले. "ऐकलं रे त्यांनी! सगळ्यांनी ऐकलं!"

वजनकाट्यांना राहवलं नाही. आनंदाच्या अशा घटकेलाही त्यांना खोटं सोबत ठेवता येईना. ते मामांच्या कानाशी वाकले आणि मोठ्याने म्हणाले, "मामा, एक सांगायचंय. हे चोरीचं आहे. कुणीतरी थिएटरात लपून घेतलेलं. आपल्याकडे याची परवानगी नाही."

मामांनी भाच्याकडे बघितलं. लहानपणी चड्डीची नाडी उलटी बांधल्यावर बघत तसं बघितलं.

"कुणाची परवानगी नाही?"

"कंपनीची. हक्क त्यांचे आहेत."

"चित्र त्यांचं असेल. त्या बाईंची गाणी कुणी चोरली तर त्या बघून घेतील, बघायलाच हवं. पण हे पाऊल माझं आहे. त्यांनी टाकून दिलं, या चोराने उचलून ठेवलं." मामांनी भाच्याच्या हातावर हात ठेवला. "परवानगीच हवी ना तुला? दिली. आता मध्ये बोलू नकोस. जिन्यापासून पुन्हा लाव, आणि मोठा कर."

वजनकाट्यांनी आवाज मोठा केला. भिंतीपलीकडे जाईल, वर जाईल, खालच्या गॅलरीत उतरेल, इतका मोठा केला.